रांग आणि बिल

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी प्रथम टाळाटाळच केली. निवृत्त डॉक्टरांच्या आठवणी घरची नातवंडेही ऐकून घेत नाहीत, तिथे वाचकांना का छळावे, असा माझा विचार होता. परंतु इंग्लंडमधील एका वर्गमित्राशी गेली काही वर्षे दर रविवारी फोनवर जे बोलणे होत आले आहे, त्याने मनात घर केले आहे. ते आपल्या व्यवसायबंधूंपुढे आणि समाजापुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही दोघे इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या वॉर्डांत आमचे हात घडले. १९७२ साली दोघेही बरोबरच इंग्लंडला गेलो. त्या काळी आपल्याकडील बहुतेक पदव्यांना तिकडे मान्यता होती. ती १९७५ साली काढून घेण्यात आली. मी १९७८ मध्ये परतलो आणि इंदुरात प्रथम दवाखाना व पुढे एक लहानसे नर्सिंग होम काढले. तो तिकडेच राहिला. लँकेशायरमधील एका गिरणगावात त्याने तीस वर्षे जनरल प्रॅक्टिस केली.

बिलाची खिडकी

मला पहिली नोकरी मिळाली ती वृद्धांच्या वॉर्डात. जिथे जायला तिथले तरुण डॉक्टर नाखूश असत, तिथे आम्हा परदेशी डॉक्टरांना सहज जागा मिळे : वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालये, खाणी आणि गिरण्यांच्या गावांतील दवाखाने. आमच्या रुग्णालयाची इमारत पूर्वी निराधारांना कामावर जुंपून पोसणारे 'वर्कहाऊस' होती. गावातील म्हातारी माणसे त्या फाटकातून आत येताना अजून बिचकत.

माझ्या हातून प्रथम घरी गेलेला रुग्ण सूतगिरणीतला निवृत्त कामगार होता. कापसाच्या धुळीने फुप्फुसे झिजवणारा बिसिनोसिस त्याला होता. सोमवारी सकाळी कामावर गेले की छाती आवळायची, असे तो सांगे. तीन आठवड्यांनी मी डिस्चार्जच्या कागदावर सही केली, त्याची बायको कोट घेऊन आली आणि दोघे हात धरून निघून गेली. मी वॉर्डच्या सिस्टरला विचारले, "यांचा हिशेब कुठे होतो?" तिला प्रश्नच कळला नाही. "कसला हिशेब?" असे तिने विचारले तेव्हा मलाच ओशाळल्यासारखे झाले. त्या रुग्णालयात बिलाची खिडकी नव्हती.

ही व्यवस्था आपोआप आलेली नव्हती. १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने तिची कल्पना पुढे केली आणि आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी ५ जुलै १९४८ रोजी ती प्रत्यक्षात आणली. त्या दिवशी मँचेस्टरजवळच्या पार्क हॉस्पिटलमध्ये बेव्हन ज्या रुग्णाला भेटले, ती सिल्व्हिया बेकिंगहॅम नावाची तेरा वर्षांची मुलगी या सेवेची पहिली रुग्ण मानली जाते. गरज असेल त्याला उपचार, उपचाराच्या वेळी पैसे नाहीत आणि खर्च सर्वांच्या करांतून, एवढेच तिचे सूत्र. त्याच वर्षी फेब्रुवारीत घेतलेल्या कौलात तिथल्या दर दहा डॉक्टरांपैकी सुमारे नऊ जणांनी या योजनेला विरोध केला होता, हे आपण डॉक्टरांनी विसरू नये. सेवेच्या भवितव्याची काळजीही तिच्याइतकीच जुनी आहे. चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावायचे ठरले म्हणून स्वतः बेव्हन यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता.

रविवारचे फोन

मित्राच्या बोलण्यात पूर्वी हवापाणी आणि क्रिकेट असे. २०२२ पासून त्यात आजारपण शिरले. त्याचा खुबा झिजला होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याचे नाव शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत गेले. डिसेंबरात वहिनी घरात पाय घसरून पडल्या. रुग्णवाहिका यायला पाच तास लागले आणि पुढे त्यांना रुग्णालयाच्या व्हरांड्यात ट्रॉलीवर सतरा तास काढावे लागले. "माझ्या बायकोला बेडपॅन द्यायला आडोसा नव्हता रे," हे सांगताना त्याचा आवाज फुटला होता.

त्याचे दुःख एकट्याचे नव्हते. नियोजित उपचार १८ आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत आणि निदान ९२ टक्के रुग्णांच्या बाबतीत तरी ते साधावे, असे इंग्लंडचे मानक आहे. ते शेवटचे पाळले गेले फेब्रुवारी २०१६ मध्ये. अपघात विभागात आलेल्या ९५ टक्के रुग्णांची चार तासांत सोय लावण्याचे मानक तर जुलै २०१५ नंतर पाळले गेलेले नाही. महासाथीपूर्वी प्रतीक्षायादीत सुमारे ४६ लाख नोंदी होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या ७७ लाखांवर गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये परिचारिका आणि मार्च २०२३ मध्ये तरुण डॉक्टर संपावर गेले. आरोग्यसेवेबद्दल समाधानी असणाऱ्या नागरिकांचे प्रमाण २०१० साली ७० टक्के होते. २०२४ च्या पाहणीत ते २१ टक्क्यांवर आले. १९८३ मध्ये ही पाहणी सुरू झाल्यापासून इतका नीचांक कधी नोंदला गेला नव्हता.

असे का व्हावे? सर्जन लॉर्ड दरझी यांनी सप्टेंबर २०२४ च्या अहवालात रुग्णाची प्रकृती चिंताजनक असल्याचे, पण नाडी अजून दमदार असल्याचे निदान केले. इमारती आणि यंत्रसामग्रीसाठी वर्षानुवर्षे अपुरा पैसा, २०१२ च्या कायद्याने केलेली प्रशासकीय उलथापालथ आणि त्यावर कोसळलेली महासाथ, ही कारणे त्यांनी दिली. मला मात्र आणखी एक कारण विशेष जाणवले, कारण त्याचा उगम मी काम केलेल्या वॉर्डांत आहे. इंग्लंडमधील रुग्णालयांत १९८७-८८ मध्ये सुमारे २ लाख ९९ हजार खाटा होत्या. २०१९-२० पर्यंत त्या १ लाख ४१ हजारांवर आल्या. काही खाटा सकाळी शस्त्रक्रिया आणि संध्याकाळी घरी, या नव्या पद्धतीमुळे कमी झाल्या, ते योग्यच झाले. परंतु वृद्धांचे दीर्घ मुक्कामाचे वॉर्डही बंद झाले आणि त्या म्हाताऱ्यांची काळजी स्थानिक नगरपरिषदांच्या समाजसेवा विभागाकडे गेली. तिथे मदत मिळते ती माणसाची मिळकत तपासून, आणि परिषदांकडे पैसा अपुरा. परिणामी बरा झालेला वृद्ध घरी सांभाळणारे कुणी नाही म्हणून खाटेवर पडून राहतो, त्याची खाट रिकामी होत नाही म्हणून अपघात विभागातला रुग्ण व्हरांड्यात थांबतो, आणि व्हरांडा भरला म्हणून दारातली रुग्णवाहिका पुढच्या हाकेला जाऊ शकत नाही. वहिनींचे ते पाच तास असे कित्येक वर्षांपूर्वी बंद झालेल्या वॉर्डांपर्यंत जाऊन पोहोचतात.

"इकडे ये," मी त्याला म्हटले. "दहा दिवसांत खुबा बदलून देतो. तिकडे खासगीत बारा-पंधरा हजार पौंड मोजण्यापेक्षा इंदूरला ये, माझ्या घरी राहा."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तीस वर्षं मी पेशंटना सांगत आलो, थांबा, तुमचा नंबर येईल. आता माझ्याजवळ तिकिटाचे पैसे आहेत म्हणून मी रांग सोडू?" आणि लगेच भडकून पुढे बोलला, "पण थांबतोय म्हणजे गप्प बसलोय असं समजू नकोस. खासदाराला चार पत्रं लिहिली आहेत. गावच्या सभेत काठी टेकत उभा राहून बोललो. आमची आरोग्यसेवा आहे ती, मोडू देणार नाही!"

सोळा महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याची शस्त्रक्रिया झाली. एक पैसा द्यावा लागला नाही. पण त्या सोळा महिन्यांत मांडीचे स्नायू असे वाळले, की तो आजही काठीशिवाय चालत नाही. हेही लिहायला हवे. रांग ही नुसती गैरसोय नव्हे; तिने माणसाचे कायमचे नुकसान होते.

एक पावती

फोन ठेवल्यावर माझ्या मनात प्रथम आला तो अभिमान. आपल्याकडे कसे दहा दिवसांत होते! तो अभिमान दोन दिवसही टिकला नाही, कारण त्याच्यामागोमाग एक जुनी आठवण उभी राहिली.

इंदूर हेही गिरण्यांचेच गाव. डिसेंबर १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. तिच्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. त्या सुमारास अशाच एका बंद गिरणीतला कामगार माझ्याकडे दाखल झाला. गिरणी चालू होती तोवर नंदानगरच्या विमा रुग्णालयाचा त्याला आधार होता. नोकरीबरोबर तोही सुटला होता. छाती तपासताना तो म्हणाला, "सोमवार को ज्यादा भारी लगता था, डॉक्टर साब." लँकेशायरच्या त्या म्हाताऱ्याचेच वाक्य मी हिंदीत ऐकत होतो.

सहाव्या दिवशी त्याच्या मुलाने, अजून किती दिवस लागतील, असे विचारले. आठवडाभर, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत' या कागदावर अंगठा उठवला. आपल्या भाषेत 'लामा'. मी त्यांना थांबवले नाही. तीन आठवड्यांनी तो मुलगा डोक्याचे मुंडण केलेल्या अवस्थेत पुन्हा आला. "बाबूजी का कितना बाकी था?" बाराशे रुपये बाकी होते. ते मी घेतले आणि पावती दिली.

नर्सिंग होमचे कर्ज होते, पगार द्यायचे होते, हे सारे खरे आहे. परंतु इंग्लंडमधील सहा वर्षांत पैसे संपले म्हणून उपचार सोडून गेलेला एकही रुग्ण मी पाहिला नव्हता, आणि माझ्या नर्सिंग होममध्ये असे किती गेले, हे आज मला सांगता येत नाही. कारण ते मी कधी मोजलेच नाहीत.

न मोजलेली रांग

माझ्या मते सारा फरक इथे आहे. उपचार पुरेसे नसतील तर कुणाला तरी थांबावे लागते. इंग्लंडमध्ये माणसाला वेळ अडवते, आपल्याकडे पैसा. त्यांची रांग दर महिन्याला मोजली जाते, आकडा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो, सरकारे त्यावरून घाम पुसतात. आपल्याकडील जे दहा दिवसांत होते, ते ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचे. बाकीच्यांची रांग आपापल्या घरात, खाटेवर, कुणाच्या नजरेस न पडता संपते. तिचा आकडा नाही, म्हणून तिची चिंताही नाही.

ब्रिटिश नागरिकांच्या तक्रारींकडे मी आता निराळ्या दृष्टीने पाहतो. समाधान २१ टक्क्यांवर आले, त्याच पाहणीत दहांपैकी सुमारे नऊ जणांनी उपचाराच्या वेळी पैसे न घेण्याचे तत्त्व कायम राहावे असेच सांगितले. घर गळते आहे म्हणून ते ओरडतात. घर विकून टाका, असे म्हणत नाहीत. तक्रार करायलाही ती वस्तू आपली वाटावी लागते.

आपल्या देशातही असे घर बांधण्याचा आराखडा तयार झाला होता. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये, म्हणजे ब्रिटिश सेवा सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, स्पष्ट लिहिले होते की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. वाटचाल अगदीच झाली नाही असे नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाला. २०१८ च्या आयुष्मान योजनेचे कार्ड २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना मिळू लागले, त्यामुळे माझ्याही पाकिटात ते आले. तरीही शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून रुग्णाच्या खिशातूनच जातात, हे विसरून चालणार नाही.

शासनाने काय करावे, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. आपल्या सोसायटीच्या सभासदांना मात्र एक विनंती करतो. प्रत्येकाने आपल्या दवाखान्यात एक वही ठेवावी. कोणता रुग्ण उपचार अर्धवट सोडून गेला, आणि तो पैशापायी गेला का, एवढेच तिच्यात लिहावे. नाव नको, तारीख, आजार आणि कारण पुरे. वर्षअखेरीस सर्व वह्यांची बेरीज करून ती याच स्मरणिकेत छापावी. आकडा लहान निघाला तर आनंदच आहे. मोठा निघाला तर गरजूंसाठी निधी उभारता येईल, योजनेत बसणाऱ्यांचे कागद वेळेवर करून देता येतील, आणि शासनाकडे जाताना आपल्या हातात काहीतरी असेल.

माझे नर्सिंग होम आता मुलगा चालवतो. त्याच्या टेबलावर अशी वही मी या महिन्यात ठेवली आहे. पहिली नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे. ती जुनी आहे, तीस वर्षांपूर्वीची, आणि तिच्या अखेरीस बाराशे रुपयांच्या पावतीचा उल्लेख आहे.