टिनाचं शेड आणि नवतपा : छताबद्दलचे गैरसमज

बागेच्या कोपऱ्यात फळ्यांची एक खोली आणि वर टिनाचे पत्रे. आत खुरपी, फवारणीचा पंप, खताची पोती, बियाण्यांचे डबे. नागपुरात ज्यांच्या घराला थोडी मोकळी जागा आहे, त्यांच्याकडे असं शेड हमखास दिसतं. मार्चपर्यंत तिथे बसून निवांत रोपं भरता येतात. एप्रिल लागला की दार उघडताच झळ तोंडावर येते. मग जो तो उपाय सुचवतो. त्यातले काही फुकट खर्चाचे असतात, तर एक-दोन चक्क धोक्याचे.

गैरसमज : भिंती लाकडी आहेत, म्हणजे शेड गारच राहणार.

लाकडातून उष्णता सावकाश जाते, हे खरंच आहे. पण 26 मेच्या सुमारास, म्हणजे ऐन नवतपात, भरदुपारी सूर्य नागपूरच्या थेट माथ्यावर येतो. त्या वेळी भिंतींवर ऊन जेमतेम पडतं, सगळा मारा छतावर होतो. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली, ती सावलीतल्या हवेची. मे 2024 च्या अखेरीस पारा 56 वर गेल्याची बातमी फिरली आणि तो यंत्रातला बिघाड असल्याचं हवामान खात्याला सांगावं लागलं. उन्हातला जुना पत्रा मात्र साठीच्या पुढे सहज जातो, त्यात कसलाही बिघाड नसतो.

तो पत्रा खाली काय करतो, हे स्वतः करून पाहा. दुपारी दोन वाजता शेडमध्ये उभं राहून हात वर करा आणि पत्र्याच्या वीतभर खाली धरा. शेकोटीसमोर धरल्यासारखा तळवा भाजू लागेल. आता हात आणि पत्रा यांच्यामध्ये चंदेरी फॉइल लावलेला पुठ्ठा सरकवा. हवा तीच, जागा तीच, पण हाताची आग लगेच ओसरते. कारण पत्र्याची उष्णता मुख्यतः किरणांच्या रूपाने खाली येते आणि चकचकीत पृष्ठभाग ती अडवतो. छताच्या कामाची सगळी गुरुकिल्ली या पुठ्ठ्यात आहे. फक्त फॉइल पत्र्याला चिकटवू नका, दोघांत किमान इंचभर मोकळी हवा ठेवा. चिकटली की पत्रा तिला थेट तापवतो. चकचकीत बाजू खाली केली तर तिच्यावर धूळ बसत नाही आणि तापलेली फॉइलसुद्धा खाली फार कमी किरणं सोडते.

गैरसमज : नवा पत्रा चमकतो, त्याला पांढरा रंग कशाला?

चमकणारा पत्रा बरंच ऊन परतवतो, पण जे शोषतो ते लवकर सोडत नाही, म्हणून तापतच राहतो. पांढरा थर ऊनही परतवतो आणि शोषलेली उष्णता आकाशाकडे सोडूनही देतो. वरून पांढरा रंग हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तेलंगणाने 2023 मध्ये अशा थंड छतांसाठी राज्याचं धोरणच आणलं. पावसाने, धुळीने थर मळतो, म्हणून तो दरवर्षी धुवावा आणि लागेल तिथे पुन्हा द्यावा. आपल्याकडे पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या टाकतात, तीही शहाणपणाची गोष्ट आहे. सावली पत्र्याच्या वर पडते आणि मधून हवा खेळते. मात्र वाळलेल्या काड्या पेट घेतात, तेव्हा चूल आणि विजेच्या तारा जवळ नकोत.

गैरसमज : थर्माकोल चिकटवला की काम झालं.

इंचभर थर्माकोल साधारण चार इंच लाकडाइतका रोध करतो, म्हणून वस्तू चांगलीच आहे. पण तो ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि पेटला तर वितळून थेंब-थेंब खाली गळतो. उघडा थर्माकोल आणि त्यातून ओढलेली दिव्याची वायर हा प्रकार मी कुणाच्याही शेडमध्ये चालू देणार नाही. आग सहज न धरणाऱ्या प्रतीचा घ्या, पत्र्यापासून अंतर ठेवून वाशांच्या मध्ये बसवा, खालून सिमेंट बोर्डाने झाका आणि वायर पाइपातून न्या.

गैरसमज : फटी बुजवल्या की गारवा आत राहतो.

हा गैरसमज शेडचं आयुष्यच कमी करतो. तापलेली हवा आढ्याशी जमते, तिला तिथून वाट हवी आणि वळचणीतून नवी हवा आत यायला हवी. दोन्हीकडे बारीक जाळी लावली की उंदीर-पाखरांचा प्रश्न मिटतो. पावसाळ्यात बंद छतात ओल कोंडते, फळ्या बुरसतात, मागोमाग वाळवी येते. हिवाळ्यात तर पत्रा रात्री हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्याला आतून घाम फुटून बियाण्यांवर ठिपकतो. जुन्या कवेलूंच्या छतात ही अडचण नसे, कारण कवेलूंच्या सांध्यांतून हवा फिरत राही. सेवाग्रामच्या बापू कुटीत मे महिन्यात दहा मिनिटं बसलं तरी मातीच्या भिंती आणि कवेलूंचं छप्पर यांचा फरक अंगाला कळतो.

कूलर हाही छताला पर्याय नाही. तो हवा गार करतो, डोक्यावरच्या तापल्या पत्र्याची किरणं नाही. जुलैच्या दमट हवेत तर त्याचा जोर आणखी ओसरतो.

तेव्हा क्रम असा ठेवा : वर पांढरा रंग किंवा सावली, मग हवेची पोकळी आणि फॉइल, मग जमल्यास थर्माकोल, आणि आढ्याशी हवेची वाट. काम होळीच्या आधी उरका. एप्रिलच्या उन्हात कारागिराला पत्र्यावर चढवू नये.

आणि एक विनंती. तुमच्या आवारात माळीदादा किंवा रखवालदाराचं कुटुंब टिनाखाली राहत असेल, तर खुरप्यांच्या शेडआधी त्यांचं छत रंगवून घ्या.