नवी कोरी, झिजलेली अक्षरं

'ले मिझराब्ल' या संगीत नाटकाचं पोस्टर पाहिलेल्यांना त्यावरची खरबरीत कडांची अक्षरं आठवत असतील. तो टाइप कॅस्लन अँटिक. शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आणला, तेव्हा नाव होतं 'फिफ्टीन्थ सेंच्युरी'. म्हणजे ओतला त्याच दिवशी चारशे वर्षांचा! पुढे त्याला कॅस्लनचं नाव लावलं गेलं. अठराव्या शतकातल्या विल्यम कॅस्लनशी त्याचा काडीचाही संबंध नाही. जुनेपणाचं सोंग या टाइपांच्या रक्तातच आहे, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. नाटकातला राजा तरी कुठे खरा असतो?

खरी झीज मात्र कारणाशिवाय होत नाही. अमेरिकेत डॅरियस वेल्सने १८२७ च्या सुमारास लाकडी टाइप यंत्रावर कोरायला घेतला आणि सर्कशी-लिलावांच्या जाहिरातींना भलीमोठी अक्षरं मिळाली. छापून छापून त्यांचे कोपरे बोथट होत, चरे पडत. खड्ड्यात शाई पोचत नसे आणि कागदावर पांढरे ठिपके उरत. १९९१ मध्ये एरिक व्हान ब्लोकलंडने टाइपरायटरची अक्षरं शाईच्या फुगवट्यासकट 'ट्रिक्सी' या फॉन्टमध्ये उतरवली. त्यानंतर टी-शर्ट, भयपट, बिअरच्या बाटल्या, सगळीकडे झिजकी अक्षरं आली. ती मथळ्यापुरतीच ठीक. मजकुराला लावली की डोळ्यांत खुपतात.

चोरी पकडायची असेल तर कॉफीचा पुडा हातात घ्या. इंग्रजी 'कॉफी'त दोन एफ आणि दोन ई शेजारीशेजारी येतात. दोन्ही एफवर तोच ओरखडा, त्याच जागी! चांगल्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची निरनिराळी झिजलेली रूपं असतात आणि ती आलटूनपालटून येतात. आळशी फॉन्टमध्ये एकच.

देवनागरीत हा खेळ जास्त जोखमीचा. शिरोरेषेला डाव्या अंगाला खाच पडली की 'घ' हा 'ध' वाटू लागतो, 'म' हा 'भ'. डोक्यावर शाईचा ठिपका उडाला की 'वश'चा 'वंश'. रोमन टाइपवरचे ओरखडे तसेच्या तसे मराठीवर चढवणाऱ्यांना हे सुचतच नाही. खिळे जुळवून छापलेलं जुनं मराठी पुस्तक भिंगाखाली धरा. झीज कुठे आहे? दोन खिळ्यांच्या सांध्यावर शिरोरेषेत केसाएवढी फट, टोक उडालेली मात्रा, गाठीत साचलेली शाई. निर्णयसागर छापखाना १८६९ चा. तेव्हापासूनचा एवढा छापील ऐवज आपल्याकडे असताना परक्या लाकडाचे चरे उसने कशाला घ्यायचे?

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठकारांना एवढीच विनंती: असा फॉन्ट घेण्याआधी त्यात 'घर' आणि 'धर' लिहून पाहा, आणि हातभर अंतरावरून कुणाला तरी वाचायला लावा.