घर नाकारलेल्यांच्या गावी, कुदळ घेऊन

2019 सालापर्यंत आपल्या देशात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं. भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून वेगळं ठेवण्याची मुभा देणारा 1898 चा इंग्रजी अंमलातला कायदा 2016 पर्यंत पुस्तकात होता. म्हणजे घरातून माणूस बाहेर काढायला नुसती लोकलाज नव्हती, सरकारी कागदही हाताशी होता. चंद्रपूर-गडचिरोलीत बेघर कुटुंबांसाठी राबणाऱ्या स्वयंसेवकांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला आधी हे कायदे आठवले. या जंगलपट्ट्यात ज्यांनी सर्वांत मोठा निवारा उभा केला, त्यांचं घर पुरात वाहून गेलं नव्हतं की आगीत जळालं नव्हतं. ते गावात धडधाकट उभं होतं, फक्त त्यांना आत घेत नव्हतं.

आनंदवनाचा इतिहास मराठी वाचकाला सांगायची गरज नाही, म्हणून थोडक्यात. वरोऱ्याच्या नाल्याकाठी पावसात पडलेला तुळशीराम, त्याला पाहून आधी पळालेले आणि मग परत फिरलेले बाबा आमटे, 1949 ची महारोगी सेवा समिती. जून 1951 मध्ये खडकाळ माळावर बाबा, साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. उद्घाटनाला विनोबा आले. पाणी नव्हतं म्हणून या मंडळींनी स्वतः विहीर खणली. साधनाताईंच्या ‘समिधा’त हे दिवस आहेत, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं.

मला जास्त ओढ वाटते ती यानंतरच्या एका घटनेची. बोटं झडलेल्या माणसांनी भाजी पिकवली, दूध काढलं, पण वरोऱ्यात ते कुणी घेईना. पन्नाशीच्या दशकातच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे देशोदेशीचे तरुण-तरुणी आनंदवनात येऊन राहिले आणि रुग्णांच्या बरोबरीने त्यांनी बांधकाम केलं. गोरी मुलं-मुली रुग्णांच्या हातचं जेवतात, त्यांच्या शेजारी विटा वाहतात, हे गावाने पाहिलं आणि हळूहळू आनंदवनाच्या भाजीला गिऱ्हाईक मिळू लागलं. या संस्थेचा जन्मही निवाऱ्यातूनच झाला होता. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, पिएर सेरेझोल या स्विस माणसाने फ्रान्समध्ये व्हर्दंजवळ युद्धाने उद्ध्वस्त केलेलं एक गाव पुन्हा उभं करायला पहिली छावणी भरवली. 1934 च्या भूकंपानंतर हेच सेरेझोल बिहारमध्ये बेघर झालेल्यांची घरं बांधायला आले. व्हर्दं, बिहार, वरोरा. पैसे किंवा कपडे पाठवून हे लोक थांबले नाहीत, स्वतः येऊन त्यांनी माती उचलली.

बाबांनी ही गोष्ट पुढे पक्की बसवली. मूल तालुक्यातल्या सोमनाथला साठीच्या दशकात प्रकल्पासाठी जंगलाची जमीन मिळाली, तिथे श्रमिकांचं विद्यापीठ व्हावं असं त्यांचं स्वप्न होतं. विद्यापीठ त्या रूपात झालं नाही, पण श्रमसंस्कार छावणी झाली. दरवर्षी 15 ते 22 मे. चंद्रपूरचा मे म्हणजे काय, हे नकाशा पाहून कळत नाही. पारा पंचेचाळीस ओलांडतो, दुपारी पाखरूही दिसत नाही. त्यात महाराष्ट्रभरातून शहरी मुलं-मुली येतात. पहाटे उठून बांध घालायचे, तलावातला गाळ काढायचा, चर खणायचे, आणि उन्हं चढली की व्याख्यानं, गाणी, वाद. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. उभ्याने किंवा पडून ते या मुलांशी बोलत.

छावणीतला माणूस पहिल्याच सकाळी एक गोष्ट शिकतो. कुदळ आणि फावड्याने त्याच्या तळहाताला फोड येतात आणि तो थांबतो. शेजारी काम करणाऱ्या, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाला मात्र फोड आलेला कळतच नाही. कुष्ठरोगाचा जंतू नसांवर घाव घालतो. रोग औषधाने बरा होतो, पण मेलेली नस परत येत नाही. हाताला वेदना नाही, म्हणून चटका बसला तरी हात मागे येत नाही, खडा टोचला तरी पाय उचलला जात नाही. जखम चिघळते, हाड पोखरतं, बोट जातं. बोटं रोगाने आपोआप गळून पडतात ही समजूत चुकीची आहे. ती जातात वेदना नसल्यामुळे, न दिसलेल्या जखमांमुळे.

मग असा माणूस काम कसं करतो? डोळ्यांनी. अवजाराच्या दांड्याला चिंध्या गुंडाळायच्या, पकड हलकी ठेवायची, काम संपलं की तळहात आणि तळपाय उलटसुलट करून पाहायचे. त्वचा मऊ राहावी म्हणून पाण्यात भिजवायची, तेल चोळायचं. हे आयुष्यभर, रोज. जे काम तुमच्याआमच्या शरीरात वेदना फुकटात करून देते, ते या माणसांना जाणीवपूर्वक करावं लागतं. अशा हातांनी आनंदवनात शेती केली, हातमाग चालवले, लोखंडकाम केलं, घरं बांधली. ज्या वरोऱ्याने दूध नाकारलं होतं, तिथल्या मुलांसाठी 1964 मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झालं. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत थक्क करणारी बाब हीच वाटते. निवाऱ्यात आलेल्यांनी गावाला कॉलेज दिलं!

म्हणून इथल्या स्वयंसेवकाचं स्थान निराळं आहे. तो अन्नदाता म्हणून येत नाही. बांध कुठे घालायचा आणि दगड कसा बसवायचा, हे त्याला ज्यांना शिकवता येतं त्यांना त्याच्या गावाने कदाचित दारातही उभं केलं नसतं. बहुतेक मुलं आठवड्याने घरी जातात आणि आपल्या कामाला लागतात, त्यातही काही वाईट नाही. काही मात्र अडकतात. विलास मनोहर हे पुण्यातले, वातानुकूलन यंत्रांच्या व्यवसायातले तरुण, सोमनाथच्या छावणीला आले आणि पुढे हेमलकशाचेच झाले. 23 डिसेंबर 1973 ला भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला, लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथे ना वीज होती ना धड रस्ता, पावसाळ्यात तर नद्या वाटच बंद करत. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्यासोबत तिथे राहिलेल्यांत विलास मनोहर होते. बांधकाम, अनाथ प्राण्यांची देखभाल, पडेल ते काम त्यांनी केलं, आणि ‘नेगल’, ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ अशी पुस्तकं लिहिली. माडिया आदिवासींच्या जगाची ओळख अनेक मराठी घरांना त्यातून झाली.

गडचिरोलीतच शोधग्रामला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी रुग्णालय आदिवासी पाड्यासारखं, झोपड्यांचं बांधलं, कारण मोठ्या इमारतीत एकट्याने राहायची लोकांना भीती वाटत होती आणि नातलगांना सोडून यायला कुणी तयार नव्हतं. आजारी माणसाला त्याच्या माणसांसकट जागा द्यायची, हे शहाणपण या जिल्ह्यांनी उर्वरित महाराष्ट्राला शिकवावं असं आहे.

आता अडचणींकडे येतो, आणि त्या मोठ्या आहेत.

ऐंशीच्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि पुढे कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभरात बरा होऊ लागला. लवकर गोळ्या घेतल्या तर ना विद्रूपता, ना घर सोडायची वेळ. ही उत्तम बातमी आहे. पण तिचा एक अर्थ असा की आनंदवनात राहणारी पिढी म्हातारी होते आहे आणि तिच्या जागी तितकी नवी माणसं येत नाहीत, येऊही नयेत. ज्यांनी बांधलं त्यांना आता कुदळ उचलवत नाही. त्यांना जखम धुवून पट्टी बांधणारा हात हवा आहे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला नेणारा माणूस हवा आहे. हाताला जाणीव नाही आणि आता डोळ्यांनाही दिसत नाही, अशा माणसाच्या तळपायाची जखम दुसऱ्या कुणी तरी रोज पाहिली पाहिजे. ज्या डोळ्यांच्या जोरावर त्याने जन्म काढला, तेच गेल्यावर तो खऱ्या अर्थाने निराधार होतो. मेमधल्या आठ दिवसांच्या उत्साहातून हे काम होत नाही.

दुसरी अडचण सरकारी यशाची आहे. डिसेंबर 2005 मध्ये देशात कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारी एकाच्या खाली आलं, ‘दूरीकरण’ झालं असं जाहीर झालं, आणि लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. चंद्रपूर आणि गडचिरोलीत नवे रुग्ण आजही सापडतात, त्यांत मुलंही असतात. लागण झाल्यावर चट्टा दिसायला कित्येक वर्षं लागू शकतात. न दुखणारा, न खाजणारा चट्टा घेऊन कुणी दवाखान्यात जात नाही. मग उशीर होतो, हात वाकडा होतो, आणि कायदा बदलला तरी घरातली कुजबुज सुरू होते.

तिसरी गोष्ट लिहायला जड जाते. महारोगी सेवा समितीच्या तिसऱ्या पिढीत 2020 साली मतभेद वृत्तपत्रांपर्यंत आले आणि त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला मुख्य कार्यकारी अधिकारी डॉ. शीतल आमटे-करजगी गेल्या. बाहेरून न्यायनिवाडा करणाऱ्यांची तेव्हा गर्दी झाली. मला एवढंच वाटतं की एका कुटुंबाच्या खांद्यावर सत्तर वर्षं इतका भार टाकून महाराष्ट्र निर्धास्त राहिला. आपण सहली काढल्या, भारावून परत आलो, मुलांना धडा वाचून दाखवला, वर्षाकाठी एक धनादेश पाठवला. खांदा मात्र थोड्यांनीच दिला.

सोमनाथच्या छावणीला ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं, मे महिन्यातच जावं. पण ज्या वाचकांकडे परिचारिकेचं, फिजिओथेरपीचं, डोळ्यांच्या तपासणीचं, चपला शिवण्याचं किंवा हिशेब लिहिण्याचं कौशल्य आहे, त्यांना माझी विनंती वेगळी आहे. संस्थेला आधी पत्र लिहा, कोणत्या कामाला माणूस कमी आहे ते विचारा, आणि छावणी नसलेल्या महिन्यांत, पावसाळ्यात, निदान महिनाभर राहण्याच्या तयारीने जा.