इंग्रजी वाक्यातील नाम, क्रियापद व शब्दयोगी पदबंध यांची जुळणी : मराठी भाषिक विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जाऊ लागला. तथापि पदवी वर्गात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना शब्दार्थ माहीत असूनही दीर्घ इंग्रजी वाक्याचा अर्थ लागत नाही, असा अध्यापकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. ही अडचण केवळ इंग्रजी विषयापुरती मर्यादित नाही. वाणिज्य, विज्ञान वा विधी शाखेतील प्रश्नाचा अन्वय चुकल्यास विषयाचे ज्ञान असूनही विद्यार्थ्याचे उत्तर चुकते. या अडचणीचे एक प्रमुख कारण वाक्यातील पदबंधांच्या परस्परसंबंधात आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इंग्रजी वाक्याची घडण :

एकत्र येऊन वाक्यात एकच कार्य करणाऱ्या शब्दसमूहास पदबंध म्हणतात. नोम चॉम्स्की यांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या ग्रंथामुळे वाक्य म्हणजे नामपदबंध अधिक क्रियापदबंध ही मांडणी जगभर परिचित झाली. उदाहरणार्थ, पनवेलजवळील सुकापूर येथील विद्यार्थ्यांविषयीचे पुढील वाक्य पाहावे :

'द टीचर मेट द स्टुडंट्स फ्रॉम सुकापूर इन पनवेल.'

येथे 'द टीचर' हा कर्ता असलेला नामपदबंध व उर्वरित भाग क्रियापदबंध होय. क्रियापदबंधात 'फ्रॉम सुकापूर' व 'इन पनवेल' असे दोन शब्दयोगी पदबंध आले आहेत. दोघांची बाह्य रचना एकच आहे, म्हणजे आधी प्रेपोझिशन व नंतर नाम. परंतु 'फ्रॉम सुकापूर' हा 'स्टुडंट्स' या नामाशी, तर 'इन पनवेल' हा 'मेट' या क्रियापदाशी संबद्ध आहे. हा भेद इंग्रजीत कोणत्याही प्रत्ययाने दर्शविला जात नाही. वाचकाने तो स्थान व अर्थ यांवरून ओळखावयाचा असतो.

मराठीची व्यवस्था :

हेच वाक्य मराठीत 'शिक्षक सुकापूरच्या विद्यार्थ्यांना पनवेलमध्ये भेटले' असे होते. मराठीत नामाशी असलेला संबंध 'च्या' या प्रत्ययाने, तर क्रियापदाशी असलेला संबंध 'मध्ये' या शब्दयोगी अव्ययाने स्वतंत्रपणे व्यक्त झाला आहे. 'टेबलावर' व 'टेबलावरचे', 'खिशात' व 'खिशातला', 'ग्रंथालयात' व 'ग्रंथालयातील' या जोड्यांतही हाच भेद आहे. पहिले रूप सामान्यतः क्रियापदाकडे जाते; दुसरे रूप विशेषणाप्रमाणे नामाला चिकटते.

या भेदाचे महत्त्व एका सूचनेवरून लक्षात येईल. 'द प्रिन्सिपल विल मीट द पेरेंट्स ऑफ स्टुडंट्स इन द लायब्ररी' या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. प्राचार्य ग्रंथालयात पालकांना भेटणार, की ग्रंथालयात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांना भेटणार? मराठीत 'ग्रंथालयात' अथवा 'ग्रंथालयातील' यांपैकी एक रूप योजावेच लागते. त्यामुळे ही संदिग्धता उरत नाही. मराठी भाषिक विद्यार्थ्याला प्रत्यय पाहून संबंध ओळखण्याची सवय असते. इंग्रजीत तो प्रत्यय न सापडल्याने तो गोंधळतो.

पारंपरिक अध्यापनाची मर्यादा :

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९११ साली मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात विभक्ती व प्रयोग यांची विस्तृत चिकित्सा केली. शालेय अध्यापनात मात्र या परंपरेतील विभक्तीचा तक्ता तेवढा रुजला आणि इंग्रजी शिकविताना त्यासमोर प्रेपोझिशन मांडण्याची पद्धत पडली. 'ने' म्हणजे 'बाय', 'ला' म्हणजे 'टू', 'चा' म्हणजे 'ऑफ' असे समीकरण पाठ केले जाते. प्रत्यक्षात हे समीकरण टिकत नाही.

षष्ठीचा 'चा-ची-चे' हा प्रत्यय घेतल्यास 'पुस्तकाची किंमत' येथे 'ऑफ', 'सुकापूरचा विद्यार्थी' येथे 'फ्रॉम', 'परीक्षेची तयारी' येथे 'फॉर', 'प्रश्नाचे उत्तर' येथे 'टू', 'निळ्या डोळ्यांची मुलगी' येथे 'विथ' येते. तर 'सोन्याची अंगठी' यासाठी 'गोल्ड रिंग' असे दोन नामे जोडूनच भागते. तृतीयेच्या 'ने' प्रत्ययाचेही तसेच आहे. 'बसने गेला' येथे 'बाय' व 'पेनने लिहिले' येथे 'विथ' लागते. 'मुलीने पत्र लिहिले' येथे मात्र काहीच लागत नाही, कारण मराठीत 'ने' जे कार्य करतो ते इंग्रजीत क्रियापदापूर्वीचे स्थान करते.

क्रियापदांच्या अपेक्षाही दोन्ही भाषांत भिन्न आहेत. 'विषयावर चर्चा करणे' यावरून 'डिस्कस ऑन', 'तिच्याशी लग्न केले' यावरून 'मॅरीड विथ हर', 'त्याला विचारले' यावरून 'आस्क्ड टू हिम' अशा चुका होतात. या तिन्ही क्रियापदांना इंग्रजीत सरळ कर्म लागते. उलट 'वाट पाहणे' यासाठी 'वेट' नंतर 'फॉर' आणि 'ऐकणे' यासाठी 'लिसन' नंतर 'टू' आवश्यक ठरतो. या चुका निष्काळजीपणाच्या नसून मातृभाषेतील नियम प्रामाणिकपणे लागू केल्याच्या आहेत, ही बाब अध्यापकांनी ध्यानात घेणे गरजेचे आहे.

अध्यापनविषयक सूचना :

१) वाक्य वाचताना प्रत्येक शब्दयोगी पदबंध कोणत्या शब्दाशी जोडला आहे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा व बाण काढून तो संबंध दर्शविण्यास सांगावे.

२) नामपदबंधाच्या जागी सर्वनाम योजून पाहावे. वरील पहिल्या उदाहरणात 'द टीचर मेट देम इन पनवेल' असे म्हणता येते. 'फ्रॉम सुकापूर' हा भाग 'देम' मध्ये सामावला, म्हणून तो नामाचा. 'इन पनवेल' बाहेर उरला, म्हणून तो क्रियापदाचा.

३) मराठी भाषांतरात 'वर' की 'वरचा', 'त' की 'तील' हे ठरविण्यास सांगावे. हा निर्णय घेताना विद्यार्थी इंग्रजी वाक्याचा अन्वय आपोआप करतो.

४) क्रियापद एकटे न शिकविता त्याच्या अपेक्षेसह शिकवावे. 'डिपेंड' नव्हे, तर 'डिपेंड ऑन' हे एकक मानावे.

निष्कर्ष :

प्राचीन इंग्रजीतही नामांना विभक्तिप्रत्यय होते. कालांतराने ते बहुतांशी लोपले आणि त्यांचे कार्य शब्दक्रम व प्रेपोझिशन यांच्याकडे आले. 'ही' व 'हिम' यांसारख्या सर्वनामांत त्या व्यवस्थेचे अवशेष आजही दिसतात. म्हणजेच दोन्ही भाषा एकच कार्य वेगवेगळ्या साधनांनी करतात. मराठी विद्यार्थ्यापाशी नामाचा संबंध व क्रियेचा संबंध यांतील सूक्ष्म भेद जाणण्याची क्षमता मातृभाषेमुळे आधीच असते. ती अडसर न मानता अध्यापनाचे साधन मानल्यास मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा इंग्रजी वाक्याविषयीचा न्यूनगंड कमी होईल व इतर विषयांच्या आकलनासही त्याचा लाभ होईल. त्यासाठी केवळ इंग्रजीच्याच नव्हे, तर सर्व विषयांच्या अध्यापकांनी प्रश्नाचे वाक्य विद्यार्थ्यांसोबत एकदा उलगडून पाहणे अगत्याचे आहे.