सेल्फ फिरतो, करंट कुठे अडतो?

पावसाळी मासेमारीबंदी उठली की कोकणात शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. मालवण-तारकर्लीच्या पर्यटक बोटीही पाठोपाठ निघतात. महिनोन् महिने खाऱ्या हवेत पडून राहिलेलं पेट्रोल आऊटबोर्ड मग पहिल्याच दिवशी हटून बसतं. (ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे हे दुखणं त्याचं नाही.) अशा वेळी अनेकजण थेट स्पार्कसाठी वीज सोडणारा सीडीआय बॉक्स बदलायला निघतात. हा महागडा भाग तपासणीत खरं तर सर्वांत शेवटी यायला हवा.

पहिला प्रश्न साधा आहे: सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतं का?

फिरत नसेल तर गिअर न्यूट्रलला आहे ना, फ्यूज शाबूत आहे ना, हे आधी पाहावं. पूर्ण चार्ज असलेली बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरीवर संशय घ्यायचा. पण बॅटरी ठणठणीत असूनही अनेकदा टर्मिनल दगा देतं. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरं त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवावं आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगावं. जोड चांगला असेल तर काटा शून्याजवळच राहतो. अर्धा व्होल्ट दिसला, तरी करंट तिथेच अडतोय. क्लॅम्प सोडून पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासायचा, घट्ट आवळायचा, वरून ग्रीस लावायचं.

इंजिन फिरतं, पण पेटत नाही? मग नजर किल स्विचकडे. चालकाच्या लाइफ जॅकेटला अडकवायची ती लाल दोरी. चालक पाण्यात पडला तर इंजिन बंद पाडण्यासाठी ती असते. अमेरिकेत 26 फुटांहून लहान बहुतेक मोटरबोटींवर तिचा वापर 1 एप्रिल 2021 पासून कायद्याने सक्तीचा आहे. क्लिप निघालेली असेल तर बऱ्याच इंजिनांत सीडीआय अर्थ होतो. सेल्फ जोरात फिरतो आणि स्पार्क मात्र पडत नाही. स्विचमध्ये खारं पाणी शिरलं तर क्लिप जागेवर असूनही हेच घडतं. अशा इंजिनात स्टॉपची वायर सीडीआयपासून सोडून पाहायची. स्पार्क आला तर सीडीआय निर्दोष, गुन्हेगार स्विच किंवा त्याची वायर. ही तपासणी किनाऱ्यावरच करावी, कारण वायर सुटलेली असताना इंजिन चावीनेही बंद होत नाही आणि दोरीनेही नाही.

स्पार्क पाहण्याआधी हवा खेळती करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. प्लग हातात धरण्याऐवजी स्पार्क टेस्टर वापरावा आणि त्याचं अर्थिंग इंजिनाच्या उघड्या धातूला पक्कं करावं. सीडीआय पद्धतीत फ्लायव्हीलची चुंबकं चार्ज कॉइलमध्ये वीज तयार करतात, कपॅसिटर ती काहीशे व्होल्टपर्यंत साठवतो आणि पल्सर कॉइलचा इशारा मिळताच ती इग्निशन कॉइलमध्ये सोडतो. तिथे तिचे हजारो व्होल्ट होतात. त्यामुळे एकाही सिलिंडरला स्पार्क नसेल तर दोष सगळ्यांच्या सामाईक भागात शोधायचा. एकाच सिलिंडरला नसेल तर आधी प्लग, मग त्याची टोपी, मग कॉइल. दोन सिलिंडरच्या एकसारख्या कॉइल अदलाबदल करून पाहाव्यात. बिघाड कॉइलबरोबर सरकला तर ती कॉइल गेली.

सर्वांत छळवादी बिघाड तापल्यावर डोकं वर काढतो. बोट तासभर छान चालते, मग एक सिलिंडर गळतो आणि इंजिन थंड झालं की सगळं सुरळीत. थंड कॉइल मीटरवर नेमकी ठीक दिसते, म्हणून इंजिन गरम असताना, बिघाड चालू असतानाच स्पार्क तपासावा लागतो. मेकॅनिकला फोन करताना किती वेळाने आणि कोणता सिलिंडर बंद पडला एवढं सांगता आलं, तर त्याचा निम्मा शोध तिथेच संपतो.