वीक्सव्हिल : विसरलेली वस्ती शोधून काढणारी माणसे

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या समाजाला कोलंबिया विद्यापीठ आठवते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तेथे शिकले. त्याच शहराच्या ब्रुकलिन भागात कृष्णवर्णीयांनी घामाच्या पैशाने उभी केलेली एक वस्ती होती, वीक्सव्हिल. वाढत्या शहराने ती गिळली आणि पुढे तिचे नावही लोक विसरले. ते नाव ज्यांनी परत आणले त्यांत शिक्षक होते, एक इंजिनियर होता, एक चित्रकार बाई होत्या आणि शाळेतली पोरे होती. म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी १८२७ साली संपली. पण १८२१ च्या राज्यघटनेत एक पाचर मारून ठेवलेली होती. काळ्या पुरुषाला मत द्यायचे असेल तर त्याच्याजवळ २५० डॉलरची मालमत्ता हवी. गोऱ्यांवरची मालमत्तेची अट पुढे निघून गेली, काळ्यांवरची राहिली. थोडक्यात, जमीन नाही तर मत नाही. अशा दिवसांत, १८३८ साली, जेम्स वीक्स नावाच्या गोदी कामगाराने हेन्री थॉम्पसन या दुसऱ्या कृष्णवर्णीयाकडून जमीन विकत घेतली. त्याच्यामागून इतर आले. १८५० नंतरच्या काही वर्षांत वस्ती पाचशे माणसांच्या वर गेली. तिची स्वतःची शाळा होती, चर्च होते. पुढे अनाथ मुलांचा आणि वृद्धांचा आश्रमही निघाला. 'फ्रीडमन्स टॉर्चलाइट' नावाचे वर्तमानपत्र १८६६ मध्ये येथूनच निघाले.

जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीवरून मॅनहॅटनमध्ये दंगल पेटली. जमावाने काळ्या माणसांना शोधून शोधून मारले. जीव मुठीत धरून पळालेल्यांना वीक्सव्हिलने आसरा दिला. गावचा अत्याचार सोसून उठून आलेल्यांना दहा बाय बाराच्या खोलीत जागा करून देणाऱ्या आमच्या वाचकांना यावर जास्त सांगायला नको.

नंतर ब्रुकलिन वाढले, सरळ रेघेतले नवे रस्ते आखले गेले, जुनी घरे पडली. १९६८ साली प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये ब्रुकलिनच्या वस्त्यांवर अभ्यासवर्ग घेणारे जेम्स हर्ली जुन्या कागदपत्रांत वीक्सव्हिलचा माग काढत होते. जमिनीवरून काही सापडेना, तेव्हा विमान चालवता येणारे इंजिनियर जोसेफ हेन्स यांच्याबरोबर ते आकाशातून पाहायला गेले. सरळ रस्त्यांच्या मधोमध एक तिरकी जुनी वाट दिसली, हंटरफ्लाय रोड, आणि तिच्या कडेला चार लाकडी घरे.

पण शेजारीच नव्या बांधकामासाठी पाडकाम चालू होते. बुलडोझरच्या पुढे पुढे वस्तीतली मुले आणि मोठी माणसे माती उकरत राहिली. त्यात लोखंडी पत्र्यावर उमटवलेला एका कृष्णवर्णीय बाईचा फोटो सापडला. ती कोण, हे आजवर कुणाला सांगता आलेले नाही. तिला 'वीक्सव्हिलची बाई' एवढेच म्हणतात. (आपल्या घरच्या जुन्या फोटोंच्या मागे नावे लिहिली आहेत का, हे भगिनींनी आजच पाहावे. आजी आहे तोवर विचारून घ्यावे.)

वस्तीतल्या प्राथमिक शाळेची मुले तर शहराच्या वारसा आयोगापुढे साक्ष द्यायला उभी राहिली. १९७० मध्ये ती घरे संरक्षित वास्तू म्हणून जाहीर झाली. चित्रकार जोन मेनार्ड यांनी सोसायटीचा गाडा सुमारे पंचवीस वर्षे ओढला. घरे विकत घेतली, पण दुरुस्तीला पैसा नव्हता. जिद्द मात्र होती. दुरुस्त झालेली घरे लोकांना खुली व्हायला २००५ साल उजाडले. मेनार्डबाईंनी ते पाहिले आणि २००६ मध्ये त्या गेल्या.

२०१९ मध्ये संस्था बंद पडायच्या बेतात आली. लोकांपुढे झोळी पसरली तेव्हा दोन लाख डॉलरहून अधिक जमले, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने तिला आपल्या अनुदानित सांस्कृतिक संस्थांत घेतले. आमच्या मते, लोकांनी आधी वर्गणी दिली म्हणूनच सरकार जागे झाले.

आज वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. खोली बदलताना पहिली रद्दीत जाते ती आजोबांची ट्रंक. तिच्यात मंडळाची पावतीपुस्तके, जयंतीची पत्रके, समता सैनिक दलाचे बिल्ले, १९५६ ला नागपूरला गेलेल्यांचे एखादे पत्रही असू शकते. आम्ही कचेरीत फायली सांभाळणारी माणसे. दाखल्यावाचून तिथे काहीच पुढे सरकत नाही. चावदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्यात गेलेल्या कितीतरी सामान्य माणसांची नावे आज फक्त घरच्यांच्या तोंडी आहेत.

विहार कमिटीने एक कपाट आणि एक नोंदवही यासाठी वेगळी ठेवावी. वस्तू कुणाची, कुणी दिली, कोणत्या सालची, एवढे लिहिले तरी पुरे. मूळ कागद कुणाला घरी नेऊ देऊ नये, झेरॉक्स द्यावी. आणि ट्रंका पावसाळ्याआधी उघडाव्यात. वाळवी कुणाची वाट पाहत नाही.