कलकत्त्याचे मद्यपान आणि रात्रीचा रस्ता

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले आणि सुधाकराची शोकान्तिका महाराष्ट्राच्या घरोघरी पोचली. बंगालमध्ये हाच विषय त्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ आधी साहित्यात आला होता. मायकेल मधुसूदन दत्त यांचे ‘एकेई कि बले सभ्यता’ हे प्रहसन १८६० सालचे, आणि दीनबंधू मित्र यांचे ‘सधवार एकादशी’ १८६६ सालचे. इंग्रजी शिकलेला तरुण सुधारणेच्या नावाखाली प्याला हाती धरतो, हे दोन्ही नाटकांतील चित्र. ते कल्पनेने रंगविलेले नव्हते. हिंदू कॉलेजात शिकणारे राजनारायण बसू मित्रांसह गोलदिघीच्या तळ्याकाठी बसून कबाबांबरोबर मद्य घेत असत, हे त्यांनीच आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. सोवळ्याओवळ्याची बंधने तोडण्याचे ते एक लक्षण मानले जाई. पुढे याच राजनारायणबाबूंनी मेदिनीपूरला मद्यपाननिवारणाची सभा स्थापन केली. शिक्षक प्यारीचरण सरकार यांनी १८६० नंतरच्या दशकात कलकत्त्यात तशीच चळवळ उभी केली, आणि १८७१ मध्ये केशवचंद्र सेनांच्या मंडळींनी ‘मद ना गरल’, म्हणजे मद्य की विष, या नावाचे मासिक काढले.

त्या काळच्या या सर्व लेखनात एका गोष्टीचा उल्लेख मात्र जवळजवळ आढळत नाही. बाबू पिऊन घरी परतताना वाटेत कोणाचा जीव घेईल, ही चिंता कोणाला पडलेली दिसत नाही. ती पडण्याचे कारणही नव्हते. बाबू गाडीत मागे पडलेला असे. लगाम गाडीवानाच्या हाती, आणि घोड्याला घरची वाट ठाऊक. मद्याने संसार बुडत, यकृते सडत, बायकामुले उघड्यावर पडत. पण परक्या वाटसरूला त्याची झळ क्वचितच लागे.

ही जुनी रीत कोलकात्यात अजून पूर्ण लोपलेली नाही. धरमतल्ल्याच्या एका गल्लीत १८७२ साली निघालेला शॉ यांचा बार आहे. लोक त्याला ‘छोटा ब्रिस्टल’ म्हणून ओळखतात. तेथे कारकून, दुकानदार, वकील एकाच टेबलाभोवती अनोळखी माणसांशेजारी बसतात, आणि प्रत्येक पेल्याचे पैसे तेथल्या तेथे चुकते करतात. वर्षानुवर्षे येथील गिऱ्हाईक ट्रामने, बसने किंवा मेट्रोने घरी गेले. त्यांच्या पिण्याची तरफदारी करण्याचे कारण नाही. परंतु पिणारा आणि वाहन हाकणारा ही दोन माणसे येथे सहसा वेगळी राहिली, एवढे खरे.

ती एक झाली तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटले. नगराचा विस्तार पूर्वेकडे सॉल्ट लेक आणि न्यू टाउनकडे झाला, बायपास रस्ता आला, उड्डाणपूल आले. पार्क स्ट्रीटवरून निघालेल्या माणसाचे घर आता ट्रामच्या रुळांपासून दूर असते आणि दाराशी त्याची स्वतःची मोटार किंवा मोटरसायकल उभी असते. दिवसा कोलकात्याचे रस्ते इतके तुंबलेले असतात की भरधाव जाणे पट्टीच्या चालकालाही साधत नाही. रात्री अकरानंतर तेच रस्ते मोकळे होतात. म्हणजे ज्या वेळी माणसाची बुद्धी मंदावलेली असते, नेमक्या त्याच वेळी रस्ता त्याला वेगाचे आमंत्रण देतो. नगरात पायी चालणारे आणि पदपथावर निजणारे विपुल; धडक बसते ती बहुधा त्यांना.

मद्य चालकाचे काय करते, याविषयी अनेक गैरसमज रूढ आहेत. पाय लटपटू लागले म्हणजेच नशा, असे सामान्यतः समजतात. वस्तुतः त्याच्या कितीतरी आधी दूरचा दिवा आणि जवळचा दिवा यांतील अंतराचा अंदाज चुकू लागतो, ब्रेकवर पाय जाण्यास क्षणभर उशीर होतो, आणि आत्मविश्वास मात्र वाढतो. हे तिसरे लक्षण सर्वांत घातक. कारण ‘मला काही झालेले नाही’ असे सांगणारी बुद्धीच मद्याच्या अंमलाखाली असते. साठ मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाने तेवढी उपाशीपोटी घेतली, तर भारतीय कायद्याची मर्यादा ओलांडण्यास तो एक पेला पुरतो. ही मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. घेतलेले मद्य यकृत आपल्याच गतीने जाळते. ताशी साधारण १५ मिलिग्रॅम. कॉफी, लिंबू, थंड पाण्याचे स्नान यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही.

मुंबईतील एका घटनेवरून या हिशेबाची कल्पना येईल. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर निजलेल्या मजुरांवर मोटार चढली आणि सातजण ठार झाले. चालकाच्या रक्तात प्रमाण ११२ मिलिग्रॅम निघाले. अशा माणसाने त्या क्षणी पिणे थांबविले, तरी मर्यादेखाली येण्यास त्याला पाच तासांहून अधिक वेळ लागेल. खालच्या न्यायालयाने या प्रकरणी निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम लावून ती तीन वर्षांवर नेली, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पिऊन गाडी हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव असतेच, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. सात जिवांपुढे तीन वर्षे थोडी वाटली, तर त्यात नवल नाही.

पूर्वी पोलीस तोंडाच्या वासावरून आणि सरळ रेषेत चालवून नशा ठरवीत. १९५४ साली अमेरिकेत बॉर्केनस्टीन यांनी श्वासातील मद्यार्क मोजणारे सुटसुटीत यंत्र तयार केले. फुप्फुसातील रक्त आणि श्वास यांतील मद्यार्काचे प्रमाण ठराविक असते, या नियमावर ते आधारलेले आहे. कोलकात्याच्या नाक्यांवर रात्री पोलिसांच्या हाती दिसते ते याचेच वंशज. २०१६ च्या जुलैत पश्चिम बंगाल सरकारने सुरक्षित वाहनचालनाची मोहीम उघडली. शिरस्त्राणाविना पेट्रोल नाही, हा नियमही त्याच सुमाराचा. पिऊन वाहन चालविण्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड २०१९ मध्ये दोन हजारांवरून दहा हजारांवर गेला.

यंत्र मात्र जागेवर सापडलेल्यालाच मोजते. मोटार वाहन कायद्यानुसार या गुन्ह्यासाठी अटक झालेल्याची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते; न झाल्यास त्याला सोडावे लागते. १३ जानेवारी २०१६ रोजी सकाळी रेड रोडवर प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाची तालीम चालू असता एक मोटार अडथळे मोडून आत घुसली आणि हवाई दलाचा एक तरुण जवान ठार झाला. मोटार टाकून चालक पसार झाला व काही दिवसांनी पकडला गेला. त्याने मद्य घेतले असते, तरी तोवर त्यातला मद्यार्क त्याच्या रक्तात उरणे शक्य नव्हते. धडक देऊन पळणाऱ्याला रात्र उलटेपर्यंत लपून राहिले की पुरे, हे वाहन चालविणारे पुष्कळजण जाणतात.